गाल, पोट आणि काळी पाच

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंबात क्लॅरिनेटवाल्याची पारख त्याच्या गालांवरून होते. वरात बाजारात आली की लोक ओट्यावर येऊन बँडकडे बघतात आणि ज्याचे गाल सगळ्यांत जास्त फुगलेले, तो हुशार, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. सूर कुठे चालला आहे हे बघायला कोणाला फुरसत? गाल टम्म, मानेच्या शिरा तटतटलेल्या, डोळे लालबुंद झाले की माणूस घेतल्या पैशाला जागतोय अशी खात्री पटते. एखादा निवांत चेहऱ्यानं वाजवायला लागला, तर त्याच्यावरून कोणी दहाची नोटही ओवाळणार नाही. उलट "वाजवून राह्यला का नुसता धरून उभा हाये?" अशी चौकशी सुरू होईल.

आणि खरी गोष्ट अशी की क्लॅरिनेटच्या सुरात गालांना काही काम नाही. काम नाही एवढंच नव्हे, त्यांनी मध्ये लुडबूड केली की सूर बिघडतो. गाल फुगले की ओठांचे कोपरे सैल पडतात, तिथून हवा फुसफुसत निसटते आणि आत जायला हवी ती हवा गालातच घुटमळत राहते. क्लॅरिनेट वाजतो तो खालच्या बरगड्या, पोट आणि कंबर यांच्या जोरावर. हे तिन्ही अवयव बँडच्या कोटाखाली झाकलेले. ज्याचं श्रेय त्याला मिळत नाही हा नियम मला नोकरीत माहीत होता. शरीरातही तोच चालतो हे निवृत्तीनंतर कळलं.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी धरावं लागतं. कोणी गीतेचे वर्ग धरतं, कोणी सोसायटीचं चेअरमनपद. माझी बिडी डॉक्टरांनी बंद केली होती, त्यामुळे फुंकण्याची सवय शिल्लक होती आणि साधन नव्हतं. तेवढ्यात एक जुना क्लॅरिनेट स्वस्तात मिळाला. पेटीवर मेरठचं नाव होतं. देशभरातल्या बँडपार्ट्यांची वाद्यं मेरठच्या जली कोठी भागातून येतात. तिथली नादिर अली अँड कंपनी १८८५ सालची. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या नवरदेवाचा आजा, बाप आणि तो स्वतः अशा तीन पिढ्या मेरठच्या भोंग्यांच्या साक्षीनं बोहल्यावर चढल्या असणं सहज शक्य आहे. माझ्या वाद्याच्या चाव्या ढिल्या होत्या, बुचाला बांधलेला दोरा निसटत होता. पण वाद्य आवाज काढत होतं. तो क्लॅरिनेटचाच आवाज आहे याची हमी मात्र कोणी दिली नसती.

शिकवायला मास्तर मिळाले. मास्तर शाळेचे नव्हेत, बँडचे. बरीच वर्षं वरातीत चालले, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून घरी असतात. अंगानं इतके हाडकुळे की कोटाच्या आत माणूस आहे की हँगर, असा प्रश्न पडावा. मी वाजवून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, वाढदिवस हाये का कोनाचा? फुगे काहून फुगवून राह्यले?"

मग त्यांनी तोंडातला खर्रा बाहेर काढला. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पाटीवर घासघासून केलेला पदार्थ, आणि आमच्याकडची बरीच कामं तो तोंडात टाकल्याशिवाय सुरू होत नाहीत. क्लॅरिनेट हे काम त्याला अपवाद आहे, कारण एका तोंडात दोन्ही मावत नाहीत. मास्तरांनी चूळ भरली, माऊथपीसला बसवायची पातळ पट्टी, म्हणजे रीड, जिभेवर धरून ओली केली. ती रीड मुळात पिवळसर असणार. आता तिचा रंग जुन्या पाटाचा झाला होता. मग त्यांनी एक सूर लावला. त्यांचे गाल जागचे हलले नाहीत. खांदेही नाहीत. कमरेवरचा सदरा तेवढा दोन्ही बाजूंनी फुगला आणि सूर चालू असताना फार हळू, अगदी नाखुशीनं, आत गेला. सूर मोठा नव्हता. पण भिंतीला टेकवून ठेवलेली पितळी परात त्यानं किंचित झिणझिणायला लागली.

"तुम्ही हवा मारता," मास्तर म्हणाले. "माराची नाही भाऊ, द्याची. अन् देतानी हात आखडून द्याची."

हात आखडून देणं हा आम्हा वऱ्हाडातल्या माणसांचा स्वभाव नाही. पंगतीला बसलेल्या माणसाचं पोट फुटेपर्यंत वाढावं, बोलताना दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असं बोलावं, हसावं तर गडगडाटी. त्यामुळे फुंकायचं म्हटल्यावर छातीत असेल नसेल ते सगळं एका दमात ओतून मोकळं व्हायचं, ही माझी सहजप्रवृत्ती. सूर पहिल्या क्षणी बैलासमोर लोटगाडा यावा तसा अंगावर यायचा आणि लगेच बारीक होत होत मरायचा. श्वासाचा आधार म्हणतात तो हाच: जे आत भरलं आहे ते सुटायला बघतं, त्याला एकदम सुटू द्यायचं नाही.

पुस्तकं याला श्वासपटलानं फुंकणं म्हणतात. इथे शरीरशास्त्राची मोठी पंचाईत आहे. श्वासपटल हा श्वास आत ओढणारा स्नायू. श्वास घेताना ते आकसून खाली सरकतं, पोटातल्या आतड्या-बितड्यांना बाजूला रेटतं आणि म्हणून पोट पुढे येतं. श्वास सोडताना ते सैल पडून आपसूक वर जातं. म्हणजे त्यानं मनात आणलं तरी त्याला फुंकता येत नाही. जगभरचे शिक्षक ज्याला फुंकायला सांगतात त्याचं खरं काम ब्रेकचं आहे. पोटाचे स्नायू हवा वर ढकलतात. त्याच वेळी श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू "थांब, एवढी घाई काय आहे" म्हणत पूर्णपणे सैल व्हायला नकार देतात. या ओढाताणीतून जो एकसारखा दाब उरतो, त्यावर सूर उभा राहतो. अशा ओढाताणीतून ग्रामपंचायतीत मात्र काहीच उभं राहत नाही, हे जाता जाता.

हा दाब केवढा? मास्तरांनी शास्त्र वाचलेलं नाही, पण त्यांच्याकडे माप आहे. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी त्यांनी बादलीत सोडली आणि म्हणाले, बुडबुडे काढा. नळी पाण्यात वरवर असली की काहीच कष्ट पडत नाहीत. वीतभर खोल गेली की पोटाला कळतं. दोन वीत गेली की कपाळाला. क्लॅरिनेट वाजवताना तोंडात असतो तो दाब साधारण याच हद्दीतला, पाण्याच्या वीस ते चाळीस सेंटिमीटर खोलीइतका. एक-दोन बुडबुडे कोणीही काढेल. बुडबुड्यांची माळ न तोडता, लहानमोठे न होऊ देता काढत राहणं ही खरी परीक्षा. मी बादलीवर वाकलेला असताना शेजारचे एक गृहस्थ आत डोकावले आणि काही न बोलता परत गेले. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी जरा जपून बोलत.

आणखी एक उलटी गोष्ट. क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला हवा कमी पडते, असा सगळ्यांचा समज. खरं तर या वाद्याला हवा फारशी लागत नाही. माणूस एरवी एका श्वासात अर्धा लिटर हवा घेतो; छाती पूर्ण भरली तर चार-साडेचार लिटर सहज मावते. रीड आणि माऊथपीस यांच्यामधली फट इतकी बारीक की एवढी हवा तिथून लवकर निघतच नाही. सूर संपतो, दम कोंडतो, तरी छातीत बरीच हवा शिल्लक असते. फक्त ती शिळी झालेली असते. वरून नवा श्वास भरला की डोकं गरगरतं. म्हणून आधी उरलेली हवा टाकायची आणि मग नवी घ्यायची. ओबो नावाचं वाद्य वाजवणाऱ्यांना तर हा त्रास क्लॅरिनेटवाल्यांपेक्षा जास्त.

घरचा अभ्यास पाठीवर झोपून करायचा असतो. पोटावर एक जाडजूड पुस्तक ठेवावं, श्वास घेताना ते वर यावं आणि सोडताना सावकाश खाली जावं. आमच्या घरात जाडजूड पुस्तकं दोनच, ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा. ती पोटावर ठेवण्याची छाती मला नाही. शेवटी दोन किलो तूरडाळीची पिशवी ठेवली. तूर आमच्या जिल्ह्यातलं घरचंच पीक, वजनाला भरवशाचं. डाळ वर जायची, डाळ खाली यायची. एकदा ती चांगली लयीत आली होती तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तुमचा श्वास झाला असेल तर डाळ द्या इकडे, कुकर लावायचाय."

दुसरा व्यायाम मेणबत्तीचा. ज्योत विझू न देता फुंकरीनं वाकवायची आणि वाकलेलीच ठेवायची. हा उन्हाळ्यात सोयीचा, कारण लाइट गेल्यामुळे मेणबत्ती पेटलेलीच असते.

मग तोंडाचा आकार. मास्तरांचं सूत्र: बाहेरून ऊ, आतून ई. ओठ ऊ म्हणताना होतात तसे गोळा करायचे, खालचा ओठ दातांवर थोडा दुमडायचा, वरचे दात माऊथपीसवर टेकवायचे, हनुवटी सपाट ओढायची आणि जीभ मात्र ई म्हणताना असते तशी मागून उंच ठेवायची, म्हणजे हवेचा झोत अरुंद आणि वेगवान राहतो. वाचकांनी आरशासमोर करून पाहावं. माझ्या नातवानं ते पाहिलं आणि शाळेत जाऊन वर्गाला करून दाखवलं. एवढं करून झाल्यावर ओठांनी रीड चावायची नाही, हे शेवटी सांगतात. चावलं की सूर चिमटतो आणि एखाद्या क्षणी "चीं" करून किंचाळतो. चावण्याचा मोह होतो तो मुळात पोट काम करत नाही म्हणून. खालून आधार मिळाला नाही की माणूस दातांनी धरायला बघतो.

आणि या सगळ्याच्या शेवटी एकच सूर लांबवणे. क्लॅरिनेटचा सा म्हणजे पेटीवरची काळी पाच. बँडवाले त्याला नुसतं "काळी पाच" म्हणूनच ओळखतात. सकाळी उठून तो एक सूर लावायचा. अगदी बारीक सुरू करायचा, भरत न्यायचा, पुन्हा बारीक करत संपवायचा. गवयांचा खर्ज तो हाच. गवयाच्या खर्जाबद्दल समाजात आदर आहे. पहाटे गळ्यातून घुमणारा आवाज आला की शेजारी म्हणतात, साधना चालू आहे. क्लॅरिनेटमधून तोच सूर आला की म्हणतात, अजून शिकतायत. आमच्या समोरच्या आळीतल्या एकानं फार सौम्यपणे विचारलं, "भाऊ, हे गाणं पुढं कधी सरकन?" वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली. ती अप्रूपाची असल्यामुळे गावात कुठलाही लांबलचक आवाज झाला की तो आधी रेल्वेच्या खात्यावर जमा होतो. मागच्या घरच्या आजी माझा सा ऐकून नातवाला म्हणत, "पाय बरं, वर्ध्याची गाडी आली वाट्टे." एकदा मी मधेच थांबलो तर म्हणाल्या, "सिग्नल नसन भेटला."

पण तो एक सूर कधीच एक नसतो, हे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून बसावं. सुरुवातीला नुसती हवेची सळसळ, मग रीड पकडते. तानपुरा आणि आपण अगदी जवळ पण तंतोतंत नाही, तेव्हा दोन्ही सुरांच्या मध्ये वां-वां-वां अशी डुगडुग सुरू होते. जसजसं जुळत जातं तसतशी ती सावकाश होते. जुळलं की थांबते. थांबली म्हणून आनंदानं जोर करावा तर लगेच परत चालू. कारण क्लॅरिनेट जोरात वाजवला की सूर उतरतो आणि हळू वाजवला की चढतो. बासरीचं बरोबर याच्या उलट. म्हणून क्लॅरिनेटवर जोरानं वाजवताना तर आधार लागतोच, हळू वाजवताना त्याहून जास्त लागतो. माझ्या अनुभवात बारीक सूर संपवताना जेवढा घाम येतो तेवढा तो भरताना येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आता थकला, म्हणून बारीक झाला.

वाद्याचा स्वभावच थोडा तिरपा आहे. जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेन्नरनं १७०० च्या सुमारास जुन्या शालुमो नावाच्या वाद्यात सुधारणा करून क्लॅरिनेट घडवला असं मानलं जातं. बासरीत सा वाजवून फुंकर वाढवली की वरचा सा मिळतो. सनईतही तेच. क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याची चावी दाबली की सा सोडून तार सप्तकातला पंचम निघतो. नळी सरळ, सगळीकडे सारख्या व्यासाची आणि रीडच्या टोकाला बंद असल्यामुळे मुख्यतः विषम क्रमांकाचे उपस्वर तिच्यात जोर धरतात. दुसरा गळतो आणि तिसरा हाती येतो. त्याच्या आवाजातली ती पोकळ, घुमणारी गोडी यातूनच येते. आणि त्यातूनच बोटांची तारांबळ उडते. खालच्या टप्प्याचे शेवटचे सूर वाजवताना जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात आणि आवाज घशात अडकल्यागत पातळ निघतो. त्याच्या पुढचाच सूर वाजवायला सगळी भोकं एकदम झाकावी लागतात. या उंबरठ्यावर बोटं घाबरतात, आणि बोटं घाबरली की पोटही काम सोडतं. मास्तरांनी तिथे माझ्या कमरेवर हात ठेवून शिकवलं. बोटांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

या वाद्यावर आपलं संगीत वाजवायचं म्हणजे आणखी एक डोंगर. चाव्यांच्या वाद्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कुठून आणायची? तरी ती आणणाऱ्यांनी आणली आहे. तमिळनाडूत एकोणिसाव्या शतकात हे वाद्य नृत्याच्या साथीला शिरलं, तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी ते कर्नाटक संगीताच्या मैफिलीत मुख्य वाद्य म्हणून बसवलं आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायचूरचे नरसिंहलू वडवाटी यांनी त्यावर हिंदुस्थानी राग वाजवले. बोट भोकावरून उचलायचं नाही, सरकवायचं. आणि उरलेली गोलाई ओठांनी आणि श्वासानं भरायची. मैहरचे अल्लाउद्दीन खाँसाहेब सरोदिये म्हणून अजरामर झाले, पण तरुणपणी कलकत्त्यात त्यांनी क्लॅरिनेटही शिकून घेतला होता. आमच्या वडिलांच्या पिढीला मात्र क्लॅरिनेट म्हटलं की मास्टर इब्राहिम आठवायचे. सिनेगीतांच्या त्यांच्या ७८ च्या तबकड्या घरोघर नसल्या तरी रेडिओवर असत. त्या ऐकाव्यात. गाण्याचे शब्द नसताना शब्दांमधला श्वास ऐकू येतो आणि मग लक्षात येतं की वाक्य कुठे तोडायचं हे त्या माणसानं फुंकायच्या आधीच ठरवलं आहे.

रीडची कथा वेगळी आणि जास्त दुःखाची. ती एका उंच, पोकळ काडीच्या गवतापासून बनते. सर्वांत नावाजलेलं गवत दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागातलं. समुद्रावरची हवा खाल्लेल्या या फ्रेंच गवतानं मे महिन्यात चव्वेचाळीस अंश तापलेल्या यवतमाळ जिल्ह्यात येऊन काय करावं? ते वाकतं. ओली केलेली रीड पेटीतून काढून तोंडापर्यंत नेईस्तोवर सुकते आणि तिची कड लाटेगत वळते. रीडला कडकपणाचे नंबर असतात, दोन, अडीच, तीन. जास्त नंबर वाजवणारा जास्त मर्द, असा एक गैरसमज सगळीकडे आहे. मास्तर अडीचवर आयुष्य काढून आले. मी हौसेनं पेटीभर रीड मागवल्या, तर त्या धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबला गेल्या. महाराष्ट्रात या दोन कळंबांमुळे किती पार्सलं आणि किती पाहुणे भलतीकडे उतरले असतील याची कोणी तरी नोंद ठेवायला हवी. फिरत फिरत त्या आल्या तोवर पावसाळा लागला होता, आणि पावसाळ्यात रीड फुगतात.

एका बाबतीत मात्र कळंबला कुणाकडे हात पसरावा लागत नाही. वाजवून झालं की नळीतला ओलावा सुती फडकं ओढून पुसायचा असतो. वेदातले गृत्समद ऋषी आमच्या गावचे आणि कापूस पहिल्यांदा त्यांनीच पिकवला, असं इथे अभिमानानं सांगतात. खरंखोटं ऋषींना ठाऊक. फडकं मात्र अस्सल आहे.

श्वास वाढवण्यासाठी मास्तरांनी आणखी एक उपाय सांगितला, चिंतामणीच्या देवळाचा. आमचा चिंतामणी जमिनीच्या पातळीखाली बसला आहे. पायऱ्या उतरून गणेशकुंडाजवळ जायचं, दक्षिणेकडे तोंड केलेल्या गणपतीला नमस्कार करायचा आणि तोंड मिटून, नाकानं श्वास घेत वर यायचं. धाप लागली तर पुन्हा खाली. कुंडातलं पाणी दर बारा वर्षांनी वर येतं आणि देवाच्या पायाला लागतं अशी श्रद्धा आहे. मला श्वास दर चार मात्रांनी खालून वर आणायचा आहे, असं मी मास्तरांना म्हटलं. ते म्हणाले, "देवासंगं बरोबरी नका करू. पायऱ्या चढा."

हे सगळे सल्ले, ताठ बसा, खांदे सैल, मान मोकळी, खोलीत हवा खेळती असावी, कोणी तरी घरात बसून लिहिलेले आहेत. मे महिन्यातली वरात त्यांनी पाहिलेली नाही. अंगात लाल जाडाभरडा कोट, गळ्यापर्यंत बटणं, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी. पायाखाली तापलेला डांबरी रस्ता. पुढे नवरदेवाचा घोडा, आणि घोडा कधी काय करेल हे घोड्यालाही माहीत नसतं. क्लॅरिनेटवाला चालत चालत मुखडा घेतो. माऊथपीस दातांवर टेकलेलं आहे. पाय खड्ड्यात पडला तर दणका थेट डोक्यात. भोवती भिंती नाहीत, आवाज परत येत नाही, स्वतःचा सूर स्वतःलाच धड ऐकू येत नाही. म्हणून नवखा माणूस जोर करत सुटतो आणि वरात चौकात येईस्तोवर खलास होतो. जुना माणूस जोर करत नाही. तो पोटावर विश्वास ठेवून वाजवतो. कडवं संपलं, बाजूच्या ढोलवाल्यानं दणका दिला की त्या दणक्याच्या आडोशाला श्वास चोरतो. दोन क्लॅरिनेट असले तर एकानं तोडला की दुसऱ्यानं धरायचा, कोणाला सांधा दिसायचा नाही. तेवढ्यात नवरदेवाच्या दोस्तांना नाचायचा झटका येतो. वरात जागची हलत नाही, गाणं थांबवायची सोय नाही, तेच कडवं पुन्हा, आणि पुन्हा. कोणी रुमाल दातात धरून रस्त्यावर लोळतो. कोणी नोट थेट क्लॅरिनेटच्या चाव्यांत खोचतो. चावी अडते, सूर अडतो, नोट मात्र काढता येत नाही कारण दोन्ही हात गुंतलेले. ती नोट पडू न देता पुढची ओळ वाजवणारा माणूस मी पाहिला आहे. संगीत विद्यालयाच्या परीक्षेत हा प्रकार कुठल्या वर्षाला असतो?

आता ढोलांच्या दणक्याची धुमाळ आली, डीजे आला. डीजेला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याचं गाणं मला धाप लागल्यागत ऐकू येतं. बँडचे जुने लोक कोणी शेतमजुरीला गेले, कोणी ऑटो चालवतात. डीजेसमोर मास्तर कुरकुर करत नाहीत. त्यांची तक्रार वेगळीच आहे: "आता खिडक्या वाजते भाऊ. पयले परात वाजे."

एवढं सगळं करून मी कुठवर आलो? एका सुरापासून निघून तीन-चार सुरांपर्यंत. त्यातला एक मास्तरांना आवडतो. कुठला ते ते सांगत नाहीत, मी शोधावा म्हणतात. पण गावात बातमी फिरलीच. जे गृहस्थ मला बादलीवर वाकलेला पाहून परत गेले होते, तेच परवा आले. मुलाचं लग्न ठरलं होतं. म्हणाले, "तुम्ही ते नागीन वाजवा बाप्पा. नागिनीशिवाय वरात म्हंजे काय?"

नागीन. वरातीतल्या क्लॅरिनेटवाल्याचा जन्मच मुळी या धुनेसाठी झाला, अशी समस्त महाराष्ट्राची समजूत आहे. क्लॅरिनेट उभा धरून डोलायचं, समोरच्यानं दोन्ही हातांचा फणा करायचा. मी त्यांना सांगितलं की १९५४ च्या 'नागिन' सिनेमात ती पुंगी पुंगीवर वाजवलेलीच नाही. कल्याणजींनी क्लॅव्हिओलीन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर ती वाजवली आणि रवी यांनी हार्मोनियमवर साथ केली. मूळ धुनेत कोणी तोंडानं एक फुंकरही मारलेली नाही. देशभरातले क्लॅरिनेटवाले गेली सत्तर वर्षं छाती फोडून जे वाजवत आले, ते मुळात बोटांनी, बसल्या जागी वाजलं होतं.

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते असन. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका भाऊ, डीजे सांगतलाच हाये मी. तुम्ही फक्त मधात जनरेटर बंद पडला तं सांभाळा."

मी हे मास्तरांच्या कानावर घातलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी खर्रा बाहेर काढला, चूळ भरली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "जनरेटर पुन्हा चालू व्हाले किती टाइम लागते?"